कीटकाच्या आंतड्याची हालचाल



घांस गिळणें आपल्या हातीं असतें. तो पोटांत पुढें सरकविणें मात्र आपल्या हातीं नसतें. तें काम आंतड्याच्या भिंतींतील स्नायु आपल्या लयीनें करीत असतात. कीटकांचीही गोष्ट अशीच आहे. कीटकाचें आंतडें शरीराबाहेर काढून योग्य प्रमाणाच्या क्षारजलांत ठेवलें, तरी तें कांहीं काळ आकुंचन पावत राहतें. मग प्रसंग पडेल तेव्हां ही लय वाढवावी किंवा मंद करावी, असा हुकूम त्यास कोण देतें?

हें काम करणाऱ्या द्रव्यांत जैव अमाइनें हा एक महत्त्वाचा वर्ग आहे. अमिनो आम्लांपासून शरीरांतच तीं तयार होतात: ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन, टायरोसीनपासून ऑक्टोपामाइन. आपण ज्या क्षारजलाचा उल्लेख केला, त्यांत अशा द्रव्याचे अल्प अंश मिसळावयाचे, आंतड्याचें टोंक दोऱ्यानें एका हलक्या तरफेस बांधावयाचें आणि तरफेची हालचाल टिपावयाची, ही त्यांच्या परीक्षेची साधी रीत होय.

दक्षिण अमेरिकेंतील ऱ्होडनियस या रक्तपिपासु कीटकाचें उदाहरण घेऊं. आपल्या ढेकणाच्याच गणांतला हा प्राणी. त्याचें उपाशी पिल्लूं एका बैठकीस स्वतःच्या वजनाच्या सुमारें १० पट रक्त पितें! इतकें ओझें घेऊन पळणार कसें? म्हणून जादा पाणी तांतडीनें बाहेर टाकणें हा त्याच्या जीवनमरणाचा प्रश्न होतो.

रक्त पिण्यास आरंभ होतांच त्याच्या उदरांतील ज्ञानतंतूंवरून सेरोटोनिन स्रवूं लागतें आणि ५ मिनिटांच्या आंत शरीररसांतील त्याचें प्रमाण कित्येक पटींनीं वाढतें. कीटकांत आपल्यासारखें बंदिस्त रक्तवाहिन्यांचें जाळें नसतें; सर्व इंद्रियें एकाच रसांत बुडालेलीं असतात. त्यामुळें एकच निरोप सर्वत्र पोंचतो. उदराची त्वचा मऊ होऊन ताणली जाते. मध्य आंतड्याच्या पुढील भागाचीं आकुंचनें वाढतात आणि सांठलेलें रक्त ढवळलें जातें. तेथील भिंत पाणी व क्षार शोषून घेते, माल्पिघीच्या नळ्या त्यांचें मूत्र बनवितात आणि मागील आंतडें जोरानें आकुंचून तें बाहेर लोटतें. या कामीं इतर संप्रेरकांचेंही साहाय्य असतें. सुमारें ३ तासांत प्यालेल्या रक्ताच्या वजनापैकीं जवळजवळ ४० टक्के भार उतरतो.

परंतु सेरोटोनिन हें नेहमीं आंतड्यास चेतवितेंच, असें समजूं नये. टोळाच्या मध्य आंतड्याचे स्नायु त्याच द्रव्यानें सैल पडतात. मुंबईच्या गिरणीचा भोंगा एकच वाजे. पण तो ऐकून एका पाळीचा कामगार आंत शिरे, तर दुसऱ्या पाळीचा घरची वाट धरी. तसेंच येथें आहे. निरोपाचा अर्थ निरोप्यावर नव्हे, तर स्नायूंच्या पेशींवर जे ग्राहक असतात त्यांवर ठरतो.

या अभ्यासाचा मनुष्याच्या सुखदुःखाशीं निकट संबंध आहे. १९०९ सालीं ब्राझीलचे डॉ. कार्लोस शागास यांनीं एका रोगाचा शोध लावला. त्या रोगाचे जंतु अशाच रक्तपिपासु कीटकांच्या मागील आंतड्यांत वाढतात. ते दंशावाटे शिरत नाहींत. रक्त पितांना किंवा पिऊन होतांच कीटक मलमूत्र टाकतो. झोंपेंत खाजवितांना मनुष्य तेंच दंशाच्या जखमेंत किंवा डोळ्यांत चोळतो. म्हणजे कीटकाचें आंतडें जितक्या लौकर रिकामें होईल, तितका रोगाचा धोका अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें आज सुमारें ७० लाख लोकांना हा रोग जडलेला आहे.

मग सेरोटोनिनचाच मार्ग अडवावा काय? अडचण अशी कीं, तें आपल्याही शरीरांत आहे, आणि त्याचा बहुतेक सांठा आपल्या आंतड्यांतच असतो. म्हणून कीटकाचे ग्राहक आपल्या ग्राहकांहून कोठें भिन्न आहेत, हें शोधावें लागतें. ऑक्टोपामाइनच्या बाबतींत ही वाट अधिक मोकळी आहे. कारण आपल्या शरीरांत तें अत्यल्प असतें. गुरांच्या गोचिडांवर वापरलें जाणारें अमिट्राझ हें औषध त्याच द्रव्याच्या ग्राहकांवर आघात करतें. गोचीड हा कीटक नव्हे, कोळ्याच्या वर्गांतला प्राणी. तरी हा निरोप्या दोघांचाही आहे. शत्रूला मारावें आणि घरच्यांस इजा होऊं नये, असें औषध हवें असेल, तर त्याच्या पोटांतील हे निरोप प्रथम नीट वाचतां आले पाहिजेत.