घरचा प्रिंटर (भाग ६) : शाई भरली, आता हवा काढा

मागच्या भागात आपण कार्ट्रिजमध्ये शाई भरण्यापर्यंत आलो होतो. काळी शाई पिग्मेंटची की डायची हे आधी पाहून घ्यायचं, सुई स्पंजमध्ये निम्म्याखाली उतरवायची, शाई घाई न करता सोडायची, भोकाशी शाई दिसू लागली की थांबून मिलिलिटरभर परत ओढून घ्यायची, इथवर. बहुतेक लोक यानंतर कार्ट्रिज सरळ प्रिंटरमध्ये बसवतात आणि प्रिंट देतात. कागद कोरा येतो, नाहीतर अक्षरांतून पांढऱ्या रेघा जातात. मग ‘क्लीन’चं बटण दोन-तीन वेळा दाबलं जातं आणि शेवटी शाईनं भरलेलं कार्ट्रिज कचऱ्यात पडतं. रिफिल फसलं की दोष शाईला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा मधली एक पायरी सुटलेली असते. या भागात तेवढंच पाहू.

विहिरीवरची मोटर आठवा. फूटव्हॉल्व्ह गळून पाइपातलं पाणी उतरलं की पंप हवा धरतो. मोटर फिरत राहते, पाणी काही येत नाही, विहीर काठोकाठ भरलेली असली तरी. वरून पाणी ओतून पाइप भरला की तोच पंप पाणी उचलतो, आणि कोरडाच चालू ठेवला तर सील जळतं. कार्ट्रिजमध्ये अगदी हेच घडतं. वरच्या स्पंजमध्ये शाई असते, खाली नोझल असतात आणि या दोहोंच्या मध्ये एक अतिशय बारीक जाळी आणि छोटासा मार्ग असतो. कार्ट्रिज रिकामं होताना त्या मार्गात हवा शिरते. ओली झालेली बारीक जाळी शाई सोडते, पण हवेचा बुडबुडा सहजी सोडत नाही. वरच्या दोन-तीन सेंटिमीटर शाईचं वजन त्याला हलवायला पुरत नाही. शिवाय स्पंज शाईला वर धरून ठेवतो. तो तसा धरतो म्हणूनच कार्ट्रिज एरवी गळत नाही. म्हणजे शाई आपण होऊन खाली येईल या भरवशावर राहता येत नाही, ती खालून ओढावी लागते.

आणि ती प्रिंट देण्याआधी ओढावी लागते. एचपी ८०२, ८०३ किंवा कॅनन ७४५, ७४६ यांसारख्या कार्ट्रिजमध्ये छपाईचं हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं आणि ते उष्णतेवर चालतं. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्डो यांच्यासमोर तापलेली सोल्डरिंगची सळई शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. त्या घटनेतून हे तंत्र निघालं. एचपीनं स्वतंत्रपणे त्याच दिशेनं काम केलं आणि १९८४ मध्ये ‘थिंकजेट’ बाजारात आणला. प्रत्येक नोझलमागे एक सूक्ष्म हीटर असतो. काही मायक्रोसेकंदांत तो ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो, शाईतल्या पाण्याची वाफ होते आणि तिच्या धक्क्यानं काही पिकोलिटरचा थेंब बाहेर फेकला जातो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. या हीटरला थंड ठेवणारीही शाईच. समोर हवा असताना तो पुन्हा पुन्हा तापवला तर जळतो, आणि जळलेला हीटर कोणत्याही उपायानं परत येत नाही. पुष्कळ स्वस्त प्रिंटरांत ‘क्लीन’ म्हणजे नोझल उडवून पाहणं एवढंच असतं, शाई ओढणारा पंप त्यात नसतो. कोरड्या कार्ट्रिजवर ते बटण वारंवार दाबणं म्हणूनच घातक.

आता हत्यारं. मुख्य वस्तू म्हणजे सक्शन क्लिप. प्लास्टिकचा हा साचा कार्ट्रिजच्या तोंडावर घट्ट बसतो. त्यात रबरी वायसर असतो आणि खाली सिरिंज लावायला नळी. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ती रिफिल किटबरोबर मिळते, पण घेताना आपल्या कार्ट्रिजचा नंबर सांगूनच घ्या. एका मापाची क्लिप दुसऱ्याला लावली की कडेनं हवा ओढली जाते आणि सिरिंजमध्ये फेसच येतो. सिरिंज १० किंवा २० मिलिलिटरची, बिनसुईची. शिवाय तंतू न सुटणारा टिश्यू आणि डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातले क्षार नोझलमध्ये बसतात, ते वापरू नका. तोंडानं ओढणं किंवा वरच्या भोकातून जोरानं हवा फुंकणं हे प्रकारही मी सोडून द्यायला सांगेन. वरून दाब दिला की शाई भलतीकडून निघते, आणि नोझलची पट्टी सुटण्याची भीती असते.

शाई भरून झाल्यावर कार्ट्रिज पाच-दहा मिनिटं राहू द्या. वरचं भोक उघडं ठेवा. ते बंद असलं तर आत हवा येणार नाही आणि शाई खाली उतरणार नाही. क्लिप बसवून दट्ट्या हळूहळू ओढा. आधी बुडबुडे येतील, मग बुडबुड्यांसह शाई, मग नुसती शाई. सलग शाई आली की थांबा. एक-दीड मिलिलिटर पुरतो. अधाशासारखं ओढत राहिलात तर स्पंजमधून वरची हवा खाली येते आणि काम पहिल्यावर येतं. ओढून झाल्यावर दट्ट्या एकदम सोडू नका. रंगीत कार्ट्रिजमध्ये हे फार महत्त्वाचं आहे, कारण सिरिंजमध्ये तिन्ही रंग मिसळलेले असतात आणि दट्ट्या मागे गेला की ती गढूळ शाई नोझलमध्ये परत शिरते. क्लिपची एक कड अलगद उचलून हवा आत घ्या, मग कार्ट्रिज काढा.

लगेच ओलसर टिश्यूवर नोझलची बाजू टेकवा. घासू नका, फक्त टिपा. काळ्याची एक भरीव पट्टी उमटली पाहिजे, रंगीतच्या तीन वेगळ्या पट्ट्या. रंग मिसळलेले दिसले तर ते वेगळे होईपर्यंत टिपत राहा. शाई थेंब-थेंब गळत असेल तर कार्ट्रिज जास्त भरलं गेलंय, वरच्या भोकातून थोडी काढून घ्या. तांब्याचे संपर्क कोरडे पुसा आणि मगच नोझल चेक काढा.

ही टिश्यूवरची पट्टी निदानालाही उपयोगी पडते. पट्टीच तुटक असेल तर आत हवा आहे किंवा शाई वाळली आहे. नोझलपुरतं कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही मिनिटं टेकवून पुन्हा ओढा. पट्टी भरीव आणि तरीही छापताना दर वेळी त्याच जागी रेघ सुटते, तर आधी संपर्क पुन्हा पुसून पाहा. तरीही फरक पडला नाही तर तिथले हीटर गेले असं समजावं आणि कार्ट्रिज बदलावं.

एप्सनच्या प्रिंटरांना ही रीत लागू नाही. तिथे हेड प्रिंटरमध्येच असतं आणि ते उष्णतेऐवजी पीझो स्फटिकाच्या हालचालीवर चालतं. इंक टँकवाल्या पुष्कळ एचपी आणि कॅनन प्रिंटरांत मात्र आत काढता येणारं उष्णतेचंच हेड असतं, आणि नळीत हवा शिरली की हीच सिरिंज कामाला येते.

शेवटी एक विनंती. अक्षर पुसट दिसू लागलं की त्याच दिवशी शाई भरा. रिकामं कार्ट्रिज उन्हाळ्यात दोन आठवडे पडून राहिलं तर जाळीवरची शाई वाळते, आणि मग उत्तम क्लिप हाताशी असूनही बहुधा काही ओढलं जात नाही.