समोर समुद्र, अंगणात विहीर

आमच्या आटपाडीत समुद्र पाहिलेली माणसं दोन प्रकारची. एक, गलाईच्या धंद्यात गेलेली. सोनं-चांदी गाळायची भट्टी घेऊन आमची पोरं पार केरळ, तामिळनाडूपर्यंत पोचली. दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी त्यांनी समुद्र पाहिला. दुसरी, शाळेच्या सहलीत गणपतीपुळ्याला जाऊन आलेली. माझी अम्मी या दोन्हींत नव्हती. १९७२ च्या दुष्काळात तिनं रोजगार हमीवर खडी फोडली तेव्हा मी तिच्या कडेवर होतो. तिनं पंचाहत्तरी ओलांडली, आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही घरची पाच माणसं कोल्हापूर, फोंडा घाट करत मालवणला गेलो. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, तिच्या पुढं देवबाग. तिथं निवास-न्याहरीच्या एका घरात दोन खोल्या चार दिवसांसाठी घेतल्या.

परत आल्यावर लोक विचारू लागले, चार दिवस तिथं करायचं तरी काय? त्याचं हे उत्तर.

पहिली गोष्ट, जाताना पंचांग न्या. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. कोळी मंडळींचा साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. बंदराबंदराला तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या बेताच्या भरतीला भांग. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागं सरकते. ओहोटीला फिरायला जावं. ओली वाळू पायाला घट्ट लागते. शंख-शिंपले, खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी, सगळं तेव्हाच दिसतं.

सकाळी लवकर उठलात तर रापण बघायला मिळेल. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोलाकार सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं दोन रांगांनी ओढतात. दोन रांगा हळूहळू जवळ येतात, तसं जाळं आवळत येतं. आमच्याकडं मोटेचं नाडं ओढणारे बैल अम्मीला आठवले. मिळालेली मासळी रापणकरांत वाटून घेतात. बघ्यांनी दोराला हात लावला तर कुणी नको म्हणत नाही, मात्र जाळ्यात पाय घालू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात थांबतात. म्हणून जायचं तर हिवाळ्यात.

आता जिवाची गोष्ट. आम्ही माणदेशी माणसं विहिरीत पोहायला शिकतो. कमरेला भोपळा बांधून ढकलून दिलेलं पोर चार दिवसांत काठ गाठतं आणि आपल्याला पोहता येतं असं समजतं. पण विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं पाणी चालत असतं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरानं आत ओढत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तोच शांत दिसतो आणि नवखा माणूस नेमका तिथं उतरतो. ओढला गेलात तर सरळ किनाऱ्याकडं पोहू नका, दम संपेल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. पट्टा ओलांडला की लाटाच तुम्हाला बाहेर आणतात. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या पुढं जाऊच नका. २०१७ च्या एप्रिलमध्ये तारकर्लीजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. म्हणून गावातला कोळी 'इथं नको' म्हणाला की पुढं वाद घालू नये.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. मालवणच्या धक्क्यावरून होडीनं जायचं. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याच्या कामाला सुरुवात झाली आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. शिवाजी महाराजांचं मंदिर आणि चुन्यात उमटलेला हाता-पायाचा ठसा सगळेच बघतात. अम्मी मात्र विहिरींपाशी थांबली. दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन गोड्या विहिरी, चहूबाजूंनी खारं पाणी असताना! आदल्या दिवशी समुद्र बघून ती म्हणाली होती, "एवढं पाणी, आन् घोटभर प्यायला न्हाई?" इथं तिनं ओंजळभर पाणी प्यायलं आणि मला विचारलं, "हे गोड कसं?"

बी.ए.ला माझा विषय मराठी. मी गप्प बसलो. उत्तर नंतर वाचून शोधलं, ते असं. बेटावर किंवा किनाऱ्यावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून वाळूत मुरलेलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय धरावी तसं. देवबाग हे गावच एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसलेलं आहे. तरीही आमच्या घरमालकिणीच्या अंगणातली विहीर गोडी होती. तिकडं पाऊस वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पडतो. आमच्याकडं सह्याद्रीच्या आडोशामुळं ५०० सुद्धा गाठत नाही.

पण या सायीचा हिशेब नाजूक आहे. शास्त्राचा ढोबळ नियम असा की, समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल तर खाली चाळीस फूट असतं. म्हणजे उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली, तर खालचं खारं पाणी कालांतरानं चाळीस फूट वर चढू शकतं. एकदा खारट झालेली विहीर लवकर गोडी होत नाही. आमच्या मालकीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मोटर जास्त येळ लावू नकात, पाणी खारा होता." तेव्हा ते वीजबिलासाठी वाटलं होतं. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर सुट्टीच्या घरांची रांगच्या रांग उभी राहिली. तिथं शेती आणि पर्यटन दोन्हींसाठी उपसा वाढला, कितीतरी ठिकाणच्या विहिरी खारट झाल्या आणि समुद्राचं पाणी गोडं करणारे खर्चिक कारखाने उभारावे लागले. आपल्या किनाऱ्यावर ती पाळी यायला नको.

अम्मीनं हे काही वाचलं नव्हतं. ती रोज पहाटे अंगणात एका तांब्यात वुजू उरकायची, आणि तांब्यात थोडं उरायचंही. शेजारच्या खोलीतली मंडळी समुद्रातून आली की वाळू धुवायला नळ सोडून गप्पा मारत उभी राहायची. तिसऱ्या दिवशी अम्मी उठली आणि काही न बोलता तो नळ बंद केला. मालकीणबाईंनी हे पाहिलं. त्या संध्याकाळी आमच्या ताटात घावणे आणि सोलकढी न मागता आली.

आता टेंभूचं पाणी आटपाडीला आलं आहे, डाळिंबाच्या बागा हिरव्या दिसतात. तरी पाणी मोजून वापरायची सवय अजून मोडलेली नाही. कोकणात जरूर जा. टोपी न्या, पंचांग न्या, पोरांच्या हाताला धरून ओहोटीला फिरा. आणि पाण्याची ही आपली सवय घरी ठेवून जाऊ नका. ज्याच्या अंगणात चार दिवस राहायचं, त्याची विहीर पाचव्या दिवशीही गोडी राहिली पाहिजे.