वाटीचा तांदूळ आणि काट्यावरचा तांदूळ



शहरात थेट तांदूळ देणाऱ्यांना दोन तऱ्हेचे फोन येतात. एक म्हणतं, "भात गिच्च झाला." दुसरं म्हणतं, "दाणा कच्चा राहिला." तांदूळ एकाच पोत्यातला. अशा वेळी दाण्याला दोष देण्याआधी माप कशाने घेतलं ते विचारा.

आपण घरात "एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी" म्हणतो. तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने घेतलं तर ते बरोबरच आहे, वाटी केवढीही असो. घोळ होतो तो वजन आणि वाटी मिसळल्यावर. तांदळात दाण्यांमध्ये हवा असते, म्हणून लिटरच्या मापात तांदूळ किलोभर बसत नाही, ८०० ग्रॅमच्या आसपास बसतो. उलट बघा: १ किलो तांदूळ म्हणजे साधारण सव्वा लिटर. दुप्पट पाणी म्हणजे अडीच लिटर. गिऱ्हाईक किलोचं पाकीट फोडतं, "एकास दोन" वाचून २ लिटर पाणी घालतं, आणि दाणा टणक राहतो. अर्धा लिटर पाणी तिथेच कमी पडलं!

गिच्च भाताचं कारण बऱ्याचदा राइस कुकरचा कप. तो बहुतेक १८० मिलिचा असतो, त्यात तांदूळ १५० ग्रॅम बसतो. तांदूळ त्या कपाने आणि पाणी घरातल्या मोठ्या पेल्याने घेतलं की झालं. कुकरच्या भांड्यावरच्या रेघासुद्धा त्याच कपाच्या हिशेबाने असतात.

आपली वाटी किती ग्रॅमची हे एकदाच तपासायचं. डिजिटल काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलि. मग वाटी कोरडी करून तांदूळ भरा, शीग हाताने सपाट करा आणि वजन घ्या. पाणी २५० भरलं तर तांदूळ २०० च्या जवळपास भरेल. वाटी आपटू नका, आपटली की दाणा दबून जास्त बसतो. तीनदा मोजून मधला आकडा धरा आणि वाटीच्या बुडाशी मार्करने लिहा. आंबेमोहरासारखा आखूड दाणा लांब दाण्यापेक्षा थोडा जास्त बसतो, म्हणून जात बदलली की पुन्हा मोजा.

एवढं करूनही पाण्याचा आकडा दगडावरची रेघ नाही. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुना जास्त पितो. पंगतीच्या मोठ्या पातेल्यात किलोमागे वाफ कमी जाते, तिथे घरचं प्रमाण जसंच्या तसं वाढवलं तर भात चिकटतो. "पाच किलोत किती पानं?" असं कुणी विचारलं तर चपाती-पुरी असलेल्या जेवणाला माणशी १०० ग्रॅम कच्चा तांदूळ धरून ५० पानं सांगा. भातावरच भर असेल तर पानं कमी सांगा.

हाच हिशेब दारातल्या विक्रीलाही लावा. पायली, शेर, मापटं ही मापं आपल्या तोंडात आहेत आणि राहू देत. पण शिगोशीग पायली आणि सपाट पायली यांत जो तांदूळ जातो तो तुमचा जातो. कायद्यानेही विक्री किलो-ग्रॅममध्येच करायची आहे आणि पाकिटावर निव्वळ वजन लिहायचं आहे. दारात येणारा पायली घेऊन आला तरी तुम्ही काटा मांडा.

पाकिटावर यंदा ही ओळ टाकायचा विचार आहे: "२०० ग्रॅम तांदळाला ५०० मिलि पाणी, तांदूळ नवा असल्यास थोडं कमी." छपाईआधी घरी शिजवून बघा. तांदळाची जात, नवा की जुना, किती पाणी लागलं आणि उघड्या पातेल्यात की प्रेशर कुकरमध्ये शिजवला, एवढं याच ग्रुपवर कळवा. प्रेशर कुकरला पाणी कमी लागतं, त्यामुळे ते आकडे आपण वेगळे लिहिणार आहोत.