गर्भवती स्त्रिया आणि मशेरीमुक्ती : मावळातील ग्रामीण आरोग्यसेवेच्या संदर्भात

प्रस्तावना :
गर्भावस्थेतील तंबाखूसेवनाचा विचार पाश्चात्त्य देशांत प्रामुख्याने धूम्रपानाच्या अनुषंगाने केला जातो. महाराष्ट्रातील स्थिती वेगळी आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार (२०१६-१७) राज्यातील सुमारे १७ टक्के प्रौढ स्त्रिया तंबाखूचे सेवन करीत होत्या. त्यांत धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया अत्यल्प होत्या. त्यामुळे लोणावळ्यालगतच्या कुसगावसारख्या गावात गर्भवतीला केवळ 'धूम्रपान करता का?' असे विचारल्यास 'नाही' हेच उत्तर येणार. हे उत्तर खरे असते, तरीही धोका कायम राहतो. प्रस्तुत लेखात या धोक्याचे स्वरूप आणि तंबाखू सोडण्यासाठी गर्भवतीला साहाय्य करण्याची पद्धती यांचे विवेचन केले आहे.

मशेरीचे स्वरूप :
तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून त्यांची पूड केली जाते. तीच मशेरी किंवा मिश्री. ती बोटाने दातांना व हिरड्यांना लावतात. दात घासण्याचे साधन म्हणून ती घरात येते आणि पुढे दिवसातून अनेकदा लावण्याची सवय जडते. सासू, जाऊ, शेजारीण अशा साऱ्याच जणी ती लावीत असल्याने तिची गणना व्यसनात होत नाही. वास्तविक मशेरीतील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात शोषले जाते व वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गर्भाच्या रक्तपुरवठ्यावर परिणाम होतो.

संशोधनाचा पुरावा :
या विषयावरील महत्त्वाचा अभ्यास मुंबईतच झाला आहे. पी. सी. गुप्ता व एस. श्रीविद्या यांनी १,२१७ गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी, तर गर्भकाळ सरासरी ६.२ दिवसांनी कमी आढळला. यांतील बहुतेक स्त्रिया मिश्री वापरणाऱ्या होत्या. २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्गाचा व मृत्यूचा धोका अधिक असतो. ज्या मातेचे पोषण मुळातच अपुरे आहे, तिच्या बाळासाठी शंभर ग्रॅमची घटही क्षुल्लक मानता येत नाही.

साहाय्याची पद्धती :
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या शिफारशींनुसार प्रत्येक गर्भवतीला शक्य तितक्या लवकर आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी तंबाखूविषयी विचारले पाहिजे. या शिफारशींत धूरविरहित तंबाखूचाही समावेश आहे. ग्रामीण भागात हे कार्य आशा कार्यकर्ती, परिचारिका व अंगणवाडी सेविका करू शकतात. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१) योग्य प्रश्न : 'ताई, दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?' असे विचारल्यास संकोच न होता खरी माहिती मिळते. हा प्रश्न इतरांसमोर न विचारणे इष्ट.

२) स्पष्ट सल्ला : दोष न देता बाळाच्या वजनाशी असलेला संबंध समजावून सांगावा. केवळ प्रमाण कमी करण्यावर न थांबता ती पूर्णपणे सोडणे हे ध्येय असावे.

३) त्रासाची पूर्वकल्पना : डोकेदुखी, चिडचिड, शौचास साफ न होणे अशी लक्षणे पहिल्या काही दिवसांत तीव्र असतात व काही आठवड्यांत ओसरतात. पुरेसे पाणी, तंतुमय आहार व साधी दंतपूड यांचा उपयोग होतो. निकोटीनयुक्त गोळ्या वा च्युइंगगम डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत.

४) कुटुंबाचा सहभाग : घरात मशेरी भाजली जात असेल तर एकट्या सुनेचा निर्धार टिकणे कठीण असते. म्हणून सासू व पती यांच्याशी संवाद आवश्यक ठरतो.

५) पाठपुरावा : सवय पुन्हा सुरू झाल्यास रागावू नये, पुढील भेटीत नव्याने आरंभ करावा. प्रसूतीनंतरही विचारपूस चालू ठेवावी.

प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत (२०१६ पासून) होणारी तपासणी ही त्यासाठी उपयुक्त संधी आहे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेवरही समुपदेशन मिळते.

समारोप :
मशेरी सोडणे हा केवळ एकट्या स्त्रीच्या मनोनिग्रहाचा प्रश्न नाही. तिला योग्य शब्दांत विचारणारी कार्यकर्ती, साथ देणारे घर आणि सातत्याने चौकशी करणारी आरोग्यसेवा लाभली, तर ती सोडू शकते. त्याचा आरंभ पहिल्या नोंदणीच्या वेळी विचारलेल्या एका साध्या प्रश्नाने होतो.