गटाच्या व्याजाचा हिशोब पायथॉनमध्ये

प्रोग्रॅमिंग म्हणजे कॉम्प्युटरला एकेक पायरी करून काम सांगणं. त्यासाठी पायथॉन ही नवशिक्यांना सोपी भाषा आहे. ती १९९१ साली आली आणि फुकट मिळते.

समजा, गटातल्या ताईंनी दरमहा २ टक्क्यांनी १०,००० रुपये घेतले. पहिल्या महिन्याचं व्याज असं काढायचं:

कर्ज = १००००
दर = २
व्याज = कर्ज * दर / १००
प्रिंट(व्याज)

फुली म्हणजे गुणाकार, तिरकी रेघ म्हणजे भागाकार. ‘कर्ज’, ‘दर’ ही नावं मराठीत चालतात. आकडे आणि ‘प्रिंट’ हा शब्द मात्र इंग्रजीत लिहायचा. रकमेत स्वल्पविराम द्यायचा नाही.

उत्तर येईल २००. ताईंनी १,००० रुपये मुद्दल फेडलं, की पहिल्या ओळीत ९००० लिहा. व्याज १८० येईल. बाकी काही बदलायचं नाही.

पण दर चुकून २० लिहिला, तर कॉम्प्युटर बिनदिक्कत २,००० सांगेल! त्याला आपला ठराव माहीत नसतो. म्हणून उत्तर आलं तरी वहीशी ताळा करायचाच. हिशोब आपल्याला येतो, म्हणूनच ही भाषाही येईल. मुलीला शेजारी बसवा आणि दोघी मिळून या चार ओळी करून बघा.