पाचगणीचे हेक्टिक्स

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून जेमतेम १९ किलोमीटरवर असलेल्या पाचगणीत त्याच्या निम्माही पडत नाही. रॉक अँड रोलच्या इतिहासाचा एक धागा या फरकापाशी येऊन पोचतो. इंग्रजांनी १८२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवले, मुंबईच्या गव्हर्नराचा, जॉन माल्कमचा, उन्हाळा तिथे जाऊ लागला. पण जून लागला की सगळे बिऱ्हाड खाली उतरवावे लागे. बारमाही राहता येईल, मुलांना शिकवता येईल, आजाऱ्याला हवापालट करता येईल अशी जागा हवी होती. जॉन चेसन या इंग्रजाने १८६० च्या दशकात ती पाच डोंगरांच्या कुशीत वसवली. पुढे सिल्व्हर ओकची झाडे आली, बंगले आले आणि एकामागून एक निवासी शाळा आल्या. पारशी मंडळींचा तर या गावाशी विशेष जिव्हाळा. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ मध्ये इथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले, ते याच कोरड्या हवेच्या भरवशावर.

त्यामुळे झांझिबारच्या न्यायालयात कॅशियर असलेल्या बोमी बलसारा यांनी आठ वर्षांच्या मुलाला समुद्रापलीकडे पाचगणीला धाडले, यात तेव्हाच्या पारशी घरांना नवल वाटण्यासारखे काही नव्हते. मुलगा फारोख. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारच्या स्टोन टाउनमधला. घराणे मूळ बलसाडचे, म्हणून आडनाव बलसारा. बोटीने मुंबई, मग पुणे, वाई आणि पसरणीचा घाट चढून सेंट पीटर्स शाळा. हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. क्वीन या बँडचा हा गायक १९८५ च्या १३ जुलैला लाइव्ह एडच्या कार्यक्रमात उभा राहिला आणि वेम्बलीचे अख्खे मैदान त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवू लागले.

मोठ्या गायकाभोवती माणसांचे एक कडे असते. एल्विस प्रेस्लीच्या सोबत्यांना तर अमेरिकी वर्तमानपत्रांनी ‘मेम्फिस माफिया’ असे नावच देऊन टाकले होते. गायक गेला की चाहते या कड्याकडे वळतात. तो सकाळी काय खायचा, कुणावर चिडायचा, गाणे सुचले की काय करायचा, हे त्यांना अगदी जवळच्या माणसाच्या तोंडून ऐकायचे असते. फ्रेडीची अशी दोन कडी आहेत. एक लंडनच्या गार्डन लॉज या त्याच्या घरातले, दुसरे पाचगणीचे. पहिल्यावर कपाटभर पुस्तके आहेत. दुसरे माझ्या मते जास्त मोलाचे आहे आणि त्याकडे आपण, म्हणजे ज्यांच्या दारात ते घडले त्या मराठी माणसांनी, पुरेसे पाहिलेले नाही.

१९५८ साली सेंट पीटर्सच्या पाच मुलांनी मिळून एक बँड काढला आणि नाव ठेवले ‘द हेक्टिक्स’. ब्रूस मरे गाणारा आणि गिटारवाला, डेरिक ब्रांच गिटारवर, व्हिक्टरी राणा ड्रम्सवर, फरांग इराणी बासवर आणि फारोख पियानोवर. फरांगचा बास म्हणजे चहाचे रिकामे लाकडी खोके, त्यावर उभा दांडा आणि दांड्यापासून खोक्यापर्यंत ताणलेली दोरी. दांडा मागे ओढला की दोरी ताणते आणि सूर चढतो. अशा सामग्रीवर ही पोरे लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो आणि क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवत. क्लिफ रिचर्ड हाही जन्माने लखनौचा, हे त्यांना तेव्हा ठाऊक असेल की नाही कोण जाणे. शाळेच्या समारंभांत कार्यक्रम होत, शेजारच्या मुलींच्या शाळांमधून श्रोते येत, आणि मुलींच्या किंकाळ्यांचा उल्लेख बहुतेक आठवणींत न चुकता येतो.

गाणी डोंगरावर पोचली ती रेडिओमुळे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला, शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमानी माणूस. त्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली आणि देशभरचे श्रोते काटा फिरवून रेडिओ सिलोनकडे गेले. तिथे हिंदी गाणी होती आणि इंग्रजी ‘हिट परेड’ही होती. शाळासोबती सांगतात की फारोख एखादे गाणे रेडिओवर एकदा ऐके आणि पियानोशी बसून जसेच्या तसे वाजवून दाखवी. त्याच काळात मुंबईच्या स्टुडिओंत पुणतांब्याचे सी. रामचंद्र हाच पाश्चात्त्य ठेका हिंदी चित्रपटात आणत होते, १९५७ चा ‘आशा’ त्याची साक्ष आहे. म्हणजे पाचगणीचा बँड हा एकटा पडलेला चमत्कार नव्हता. बंदर, रेडिओ, गोव्याचे वादक आणि मिशनऱ्यांचे पियानो यांतून मुंबई इलाख्यात एक हवा तयार झाली होती, तिचा एक झोत घाट चढून वर आला.

आता मुद्द्याकडे येतो. हेक्टिक्सच्या सगळ्या आठवणींत एक गोष्ट ठळक आहे. मुख्य गायक ब्रूस मरे होता. फारोख मागे पियानोवर बसे आणि साथीचे सूर लावी. ज्या माणसाच्या आवाजाला पुढे शतकातल्या थोर आवाजांत गणले गेले, तो या बँडमध्ये पुढे उभा नव्हता. ही आठवण मला सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण ती कीर्तीच्या उलट दिशेने जाते. चाहत्याला ऐकायचे असते ते असे, की बारा वर्षांचा मुलगा रंगमंचावर आला आणि सगळे थक्क झाले. सोबत्यांनी तसे सांगितले असते तर कुणी अडवले नसते. त्यांनी सांगितले की तो लाजाळू होता, पुढच्या दातांवरून त्याला ‘बकी’ म्हणत, पण पियानोवर बसला की वेगळाच होई.

प्रसिद्धी आठवणींना आपल्याकडे ओढून घेते. सत्तर-ऐंशीच्या दशकातला भडक कपड्यांचा, मिशीवाला, बिनधास्त फ्रेडी डोळ्यांसमोर असताना १९५८ चा मुलगा आठवायचा म्हटले की दोघांची सरमिसळ होणारच. तो शाळेतही सगळ्यांना ‘डार्लिंग’ म्हणायचा, ही हकिकत वारंवार छापून आली आहे. असेलही खरे, पण अशी आठवण मी जपून घेतो, कारण नंतरच्या माणसाशी ती फारच चपखल बसते. उलट तो टेबल टेनिसचा शाळेतला विजेता होता, १९५८ मध्ये त्याला अष्टपैलू कनिष्ठ विद्यार्थ्याचे पारितोषिक मिळाले, मुष्टियुद्ध खेळायचा आणि आईने ते सोडायला लावले, या गोष्टींचा दंतकथेला काही उपयोग नाही. म्हणूनच त्यांचे वजन जास्त. मुख्याध्यापकांनी आईवडिलांना पत्र लिहून मुलाला संगीताची वेगळी शिकवणी लावा असे सुचवले, घरच्यांनी वाढीव फी भरली आणि तो पियानोची चौथी श्रेणी उत्तीर्ण झाला. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या मुलाचा कान कुणीतरी ओळखला. या लेखासाठी वाचताना माझे मन सर्वांत जास्त वेळ या पत्रापाशी रेंगाळले.

हेक्टिक्स पांगले. १९६२-६३ च्या सुमारास फारोख झांझिबारला परतला, १९६४ च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून लंडनजवळच्या फेल्टमला आले. फरांगने पुण्यात उपाहारगृह चालवले. डेरिक ब्रांच ब्रिटनमध्ये अभिनेता झाला, १९८५ च्या ‘माय ब्युटिफुल लाँड्रेट’मध्ये तो दिसतो. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात गेला आणि १९९९ मध्ये सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापती झाला. ड्रम्स वाजवणारा मुलगा सेनापती, खोक्यावर दोरी ताणणारा पुण्याचा उपाहारगृहवाला. या माणसांचे पोट फ्रेडीच्या नावावर चालत नव्हते, हे त्यांच्या आठवणी वाचताना ध्यानात ठेवायला हवे.

लंडनच्या कड्याचे तसे नाही. गार्डन लॉजमध्ये शेवटच्या वर्षांत जोडीदार जिम हटन होता, खासगी साहाय्यक पीटर फ्रीस्टोन होता, स्वयंपाक पाहणारा जो फनेली होता, आणि तरुणपणीची प्रेयसी व आयुष्यभराची मैत्रीण मेरी ऑस्टिन येऊन-जाऊन होती. या सर्वांनी त्याची सेवा केली, त्याचा आजार जगापासून राखला. एड्स झाल्याचे निवेदन २३ नोव्हेंबर १९९१ ला निघाले आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला, इतके ते कडे पक्के होते. त्याआधी, १९८७ मध्ये, पॉल प्रेंटर या जुन्या साहाय्यकाने मात्र ‘द सन’ या वर्तमानपत्राला त्याचे खासगी आयुष्य विकले होते, तो घाव त्याला फार लागला. मृत्यूनंतर हटनचे पुस्तक १९९४ मध्ये आले, फ्रीस्टोननेही आठवणी लिहिल्या, आणि चाहत्यांच्या मेळाव्यांत आजही लोक त्याच्याभोवती गोळा होतात. पण त्या शेवटच्या संध्याकाळी नेमके कोण खाटेपाशी होते, याच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. कुणी खोटे बोलते असे मला म्हणायचे नाही. दुःखात आणि धावपळीत प्रत्येकाने आपापला क्षण धरून ठेवला.

मेरीने पुस्तक लिहिले नाही. अस्थी कुठे ठेवल्या हेही तिने कुणाला सांगितलेले नाही, आणि तिचे हे मौन मला पुस्तकांइतकेच आदरणीय वाटते. २०२३ च्या सप्टेंबरात तिने घरातल्या सुमारे १५०० वस्तू सोदबीजकडून लिलावात काढल्या. विक्रीपूर्वी त्या पाहायला लाखाहून अधिक लोक रांगेत उभे राहिले आणि त्याचा यामाहा पियानो १७ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

त्या घरात फारोखच्या पाचगणीचे फारसे काही बोलले जात नसे. मुलाखतींतही निवासी शाळेचा उल्लेख येई आणि विषय पुढे सरके. २०१८ चा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट तर लंडनपासूनच सुरू होतो. पण त्याचा अंत्यविधी पारशी मोबेदांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, झरथुष्ट्री प्रार्थना म्हणून केला. ज्या धर्मात आठव्या वर्षी त्याची नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झाली त्याच धर्माने त्याला निरोप दिला. काही चरित्रकार त्याच्या सुरुवातीच्या संस्कारांत लता मंगेशकरांचे नावही घेतात.

महाबळेश्वरला येणारे परदेशी चाहते आता वाटेत पाचगणीला थांबतात. टॅक्सीवाले आपणहून शाळा दाखवतात. टेबल लँडच्या जांभ्या दगडाच्या पठारावर उभे राहून लोक खालच्या कौलांची छायाचित्रे घेतात. शाळा चालू शाळा आहे, तिथे मुले शिकतात, तेव्हा फाटकातूनच परतावे लागले तर कुरकुर करू नये.

मला कुरकुर करायची आहे ती वेगळ्या गोष्टीची. आजवर छापल्या गेलेल्या पाचगणीच्या आठवणी वर्गमित्रांच्या, शिक्षकांच्या आणि नातलगांच्या आहेत, त्याही सगळ्या इंग्रजीत सांगितलेल्या. पण अशी शाळा चालते कुणाच्या जिवावर? खानसामे, धोबी, माळी, रात्रीचे राखणदार, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या आया. ही माणसे भोवतालच्या खेड्यांतली आणि वाई-जावळीकडची मराठी माणसे. आईवडिलांपासून तुटलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या दिवसात त्यांचा वाटा मोठा असतो, निवासी शाळेत वाढलेला कुणीही हे सांगेल. तेही त्याचे कडेच होते. १९५८ मध्ये जो पोऱ्या दहा-बारा वर्षांचा होता आणि बापाच्या हाताखाली शाळेच्या भटारखान्यात राबत होता, तो आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. साताऱ्यात महाविद्यालये आहेत, वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे, मराठी विभागांत दरवर्षी विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. फ्रेडी मर्क्युरीविषयी काही विचारूच नये. त्या वर्षांत भटारखान्यात काय शिजायचे, शनिवारी सभागृहातून कसला आवाज यायचा, सुट्टीत घरी न जाणाऱ्या पोरांना कोण सांभाळायचे, एवढे विचारावे आणि उत्तर येईल ते सांगणाऱ्याच्या बोलीत उतरवून घ्यावे. प्रसिद्धीने अजून हात न लावलेल्या आठवणी असल्या, तर त्या याच घरांत असतील, आणि त्या गोळा करायला फार वर्षे हाती नाहीत.