पाकीट आणि पावती

कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात साडेबाराचा कार्यक्रम आहे आणि साडेअकरा वाजले तरी ढोलकीचा पत्ता नाही. पडद्यामागे कीबोर्डवाला जॅक काढतोय, फुंकर मारतोय, परत घालतोय. ऑक्टोपॅडवाला मान खाली घालून एकच ठोका पुन्हा पुन्हा देतोय, कारण साउंडवाले काका मागून ओरडतायत, "अजून दे, अजून दे." गायिका विंगेत माझ्या खुर्चीशेजारी उभी राहून फोनवर बोलतेय. "स्वारगेट? मग बसनं नको येऊस, रिक्षा कर. पैसे मी देते. हो रे, देते म्हटलं ना."

मार्गशीर्षातला रविवार आहे. गावाकडून शिकायला आलेल्या मुलींच्या वसतिगृहासाठी हा मदतीचा कार्यक्रम. जुनी मराठी-हिंदी गाणी, देणगी प्रवेशिका, मध्यंतरात समोसे. वादक, गायक, निवेदक, बहुतेक सगळे विनामानधन. संध्याकाळी हीच मंडळी डीपी रोडवरच्या एका लॉन्सवर लग्नाच्या रिसेप्शनला वाजवणार आहेत आणि तिथे मात्र पाकीट आहे. म्हणून साडेतीनला इथून निघायचं, हे गायिका आल्यागेल्याला बजावतेय.

बाहेर फॉयरमध्ये संस्थेचे खजिनदार टेबल टाकून बसलेत. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असावेत. पावती फाडताना पट्टी लावतात. समोरच्या बाईंना ते शांतपणे समजावतात, "पॅन नंबर लिहा म्हणजे ८० जीचं सर्टिफिकेट देता येईल. आणि दोन हजारांच्या वर असेल तर रोख नको, चेक द्या, नाहीतर सवलत मिळत नाही." कीबोर्डवाला त्यांच्यामागे एका कागदावर सही घ्यायला उभा आहे. हा पोरगा सीएची आर्टिकलशिप करतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर टिका मारायच्या आणि शनिवार-रविवार वाजवायचं. त्याच्या हातातला कागद म्हणजे बिल आहे. साउंड इतके, टेम्पो इतके, ढोलकी इतके. हे संस्थेनं द्यायचे. त्याखाली गायिका, गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, प्रत्येकासमोर आकडा. आणि शेवटी, "वरीलपैकी कलाकारांचे मानधन संस्थेस माफ."

"माफच करायचंय तर आकडे कशाला?" मी विचारतो.

"काका, पाचशे रुपये देणाऱ्याला पावती मिळते. आम्ही अख्खा रविवार देतो, त्याची पावती नाही. ८० जी फक्त पैशाला आहे, तेही जुन्या करपद्धतीत. श्रमाला काही नाही. ठीक आहे, नको. पण निदान त्यांच्या फायलीत तरी लागू दे की एवढ्याचं काम झालं होतं."

खजिनदार चष्मा वर करून बिल वाचतात, बेरीज तपासतात आणि सही करतात. बेरीज बरोबर आहे याचाच त्यांना आनंद झालेला दिसतो.

ढोलकी येते. ती आणणारा पोरगा एकोणीस-वीसचा, हडपसरकडचा, कपाळावर घाम. आल्याआल्या तो कोपरा धरून बसतो, गवसणी काढतो, पान्यानं एकेक बोल्ट आवळतो आणि प्रत्येक वळशानंतर बोटानं चाट वाजवून बघतो. अर्धा वळसा जास्त झाला की परत सैल. एसी नुकताच सुरू झालाय, तेव्हा सूर हलणार हे त्याला ठाऊक आहे. म्हणून लावलेली ढोलकी तो उगाच मांडीवर घेऊन बसून राहतो. गायिका येऊन त्याच्या खिशात काहीतरी कोंबते. तो "राहू दे ना ताई" म्हणतो आणि राहू देत नाही.

या ग्रुपमधली खरी गोम इथे आहे. गायिका एका आयटी कंपनीत आहे. गायकाचे स्वतःचे क्लास आहेत. ऑक्टोपॅडवाला इंजिनिअरिंगला, घरचं जेवण. गणपतीत तो एका पथकात ढोलही वाजवतो. तिथे तर सरावासाठी खिशातले पैसे घालतो आणि वर खांदे सुजवून घेतो. पुण्यात फुकट वाजवण्याची कुणाला लाज नाही, उलट मिरवतात. पण ढोलकीवाल्याचा महिना वाजवण्यावरच चालतो. त्याचा रविवार फुकट गेला तर तो खरोखरच फुकट जातो. एकाच स्टेजवर पाचजण शेजारी शेजारी बसणार, पाचांनी सारखंच "विनामानधन" म्हणायचं, आणि त्यात एकाचंच पोट रिकामं राहणार, हे गायिकेला पटत नाही. म्हणून ज्याचं घर वाजवण्यावर चालतं त्याला पाकीट द्यायचं, हा तिचा नियम. संस्था देत असेल तर संस्थेकडून, नाहीतर बाकीच्यांनी वर्गणी काढून. आणि फुकट कार्यक्रमाला बदली पाठवायचा नाही, हा दुसरा. पैशाच्या तारखेला एखादवेळ दुसरा वादक बसवला तर चालतो. मदतीच्या तारखेला ज्यानं शब्द दिला त्यानंच यायचं.

पडदा उघडतो. निवेदक संस्थेनं आणलेले आहेत, आवाज चांगला आहे आणि त्यांना ते माहीत आहे. सुरुवातीलाच ते ८ जुलै १९२१च्या संयुक्त ‘मानापमान’ची आठवण काढतात. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर. "तीच परंपरा आज ही तरुण मुलं पुढे चालवतायत!" टाळ्या.

दाखला सुंदर आहे, पण मला विंगेत बसल्या बसल्या चुळबुळ होते. वयानं ते दोघेही तेव्हा तरुणच, एक तेहतिशीचा, दुसरा जेमतेम तिशीचा. पण दोघेही आपापल्या कंपनीचे मालक होते, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श. आजचं उत्पन्न फंडाला, असं म्हणायचा अधिकार त्यांच्या हातात होता. पुढे डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, तेव्हाही त्यांच्या नावावर थिएटर भरत होतं. ती माणसं आपल्या कमाईतलं देत होती. इथे ज्याची कमाई अजून सुरू व्हायचीय त्याच्याकडे मागायचं आणि "तुम्हाला व्यासपीठ मिळेल" असं वर ऐकवायचं, हा प्रकार वेगळा. आज इथे तसं कुणी म्हणालेलं नाही, हे सांगायला हवं. पण गायिकेच्या फोनवर असे निरोप येतच असतात. मघाशी तिनं एक वाचून दाखवला आणि हसून पुसून टाकला.

पाचव्या-सहाव्या गाण्याला लावणी येते आणि थिएटर जागं होतं. ढोलकीवाल्यानं आतापर्यंत हात राखून ठेवलेला होता. आता तो बायाची घुमार अशी काही ओढतो की पुढच्या रांगेतल्या आजी पदर सावरून पुढे सरकतात. शेवटची तिहाई तो मुद्दाम अर्धी करून सोडतो, गायिकेकडे बघतो, ती मान हलवते, आणि मग तो ती पुरी करतो. वन्स मोअर. एक गृहस्थ उठून स्टेजपाशी येतात आणि पाचशेची नोट वर करतात. "ढोलकीला!"

पोरगा हात पुढे करणार, इतक्यात निवेदक नोट घेतात आणि माइकवर सांगतात, "आणि आमचे हे तरुण कलाकार, बघा मंडळी, ही रक्कमही वसतिगृहाला अर्पण करतायत!"

टाळ्यांचा कडकडाट. पोरगा हसतो. दुसरं करणार काय? हात परत ढोलकीवर ठेवतो आणि वन्स मोअर पहिल्यापेक्षा जरा जलद वाजवतो. कीबोर्डवाल्यानं विंगेकडे बघून भुवया उंचावल्यात. गायिकेचा चेहरा तसाच. तिला पुढचा अंतरा घ्यायचाय.

मध्यंतरात चहाच्या थर्मासपाशी वसतिगृहातल्या मुली समोसे वाटतायत. त्यातली एक, दोन वेण्या आणि कडक इस्त्रीचा ड्रेस, गायिकेला बशी देताना विचारते, "ताई, तुम्हाला याचा पगार मिळतो?"

"आज नाही. संध्याकाळी मिळतो."

"मग संध्याकाळी जास्त चांगलं गाता?"

गायिका समोसा हातात धरून खरंच विचार करते. "संध्याकाळी जास्त वेळ गाते," ती म्हणते.

खजिनदार आत येतात. थेट ढोलकीवाल्यापाशी जातात आणि पाचशेची नोट त्याच्या हातात देतात. "हे तुमचं बक्षीस आहे. निवेदकांना कुणी सांगितलं होतं? आमच्या हिशेबात ही रक्कम कुठे दाखवू मी?" पोरगा ना-ना न करता नोट घडी करून वरच्या खिशात ठेवतो आणि विचारतो, "काका, बिनसाखरेचा चहा आहे का?"

पावणेचारला आम्ही निघतो. टेम्पोत सामान, दोन स्कूटरवर माणसं, मी ढोलकीवाल्याबरोबर रिक्षात. लॉन्सवर पोचतो तेव्हा मांडववाले अजून खुर्च्यांना कव्हरं घालतायत. इथला स्टेज स्टॉलच्या रांगेच्या टोकाला आहे, म्हणजे पाणीपुरीच्या बरोबर समोर. सातला गाणी सुरू होतात. लोक येतात, वधूवरांशी फोटो काढतात, ताट घेतात. गाणं संपलं की कुणी टाळी वाजवत नाही, कारण सगळ्यांच्या हातात ताट आहे. वराचे एक मामा येऊन दोन गाणी स्वतः म्हणतात, वेगळ्या पट्टीत. कीबोर्डवाला पहिल्या ओळीतच ट्रान्स्पोज करून त्यांना सांभाळून घेतो.

दुपारच्या त्या हॉलनंतर हे अंगावर येत असणार, असं मला वाटतं. तसं मी ब्रेकमध्ये ढोलकीवाल्याला म्हणतोही. तो नकारार्थी मान हलवतो. "मला लॉनच बरं वाटतं. हॉलमध्ये लोक कान देऊन ऐकतात, मग जे बसलंय तेवढंच वाजवायचं, चुकायला नको. इथे कोण ऐकतंय? घरी रियाजाला शेजारी ओरडतात. नवीन काही बसवायचं असलं की मी इथेच वाजवून बघतो. दुपारची ती अर्धी तिहाई आहे ना, ती लग्नांतच बसवलीय."

दहाला दहा मिनिटं कमी असताना लॉनचा मॅनेजर हात दाखवतो. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, यात वरमामांचंही चालत नाही. वायरी गुंडाळल्या जातात. वधूपिता पाकीट देतात, गायिका त्यांच्यासमोरच मोजते, आभार मानते आणि तिथल्या तिथे वाटणी करते. ऑक्टोपॅडवाला स्टॉलवरचं शेवटचं आइस्क्रीम मिळवायला पळालाय.

तेवढ्यात वरमामा पुन्हा येतात. गळ्यात अजून हार. "अहो, तुम्ही चॅरिटीपण करता असं कळलं. आमची एक संस्था आहे. येत्या वीस तारखेला ठेवतोय, हॉल बुक झालाय, केटरर ठरलाय. तुमचंच नाव डोक्यात आलं. काम फार मोठं आहे हो."

"वीसला मुहूर्त आहे काका, आमची तारीख गेलीय. पौषात ठेवा. पौषात लग्नं नसतात, तेव्हा आम्हाला फुकट गाणं परवडतं."

"बघतो, बघतो. पण जमवा."

"साउंडवाल्यांना किती देताय?"

मामा जरा गोंधळतात. "त्याला काय, जो रेट असेल तो. त्याचे तर द्यावेच लागतात ना."

"मग त्याच यादीत खाली ढोलकी लिहा," गायिका म्हणते आणि कीबोर्डवाल्याकडे वळते. "अरे, काकांना आपलं बिल पाठव. दुपारचंच. फक्त तारीख बदल."